तीन अंशाचं पाणी कुणाला ऊब देतं?

'गल्फ स्ट्रीम बंद पडणार, युरोप गोठणार' हा फॉरवर्ड परत फिरतोय. गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकमधला कोमट पाण्याचा प्रवाह मुख्यतः वाऱ्यांमुळे आणि पृथ्वी फिरते म्हणून वाहतो, तो असा बंदबिंद पडत नाही. शास्त्रज्ञांना काळजी आहे ती वेगळ्या चक्राची: अटलांटिकचं वरचं कोमट पाणी उत्तरेला जातं, गार होऊन बुडतं आणि खोलवरून दक्षिणेकडे परत येतं. यातला बुडण्याचा भाग मला भयंकर आवडतो.

कॅनडा आणि ग्रीनलंडच्या मधला लॅब्राडोर समुद्र घ्या. ऐन हिवाळ्यात कॅनडाकडून उणे १५-२० अंशांचा कोरडा वारा येतो आणि पाणी असतं जेमतेम ३ अंश. एवढ्या गार पाण्यात कसली आलीय उष्णता? पण उष्णता वाहते ती फरकामुळे, आणि त्या वाऱ्याच्या मानाने हे पाणी चांगलंच गरम आहे. त्यात बाष्पीभवन, आपल्या माठात होतं तेच, एक ग्रॅम पाण्याची वाफ साधारण २५०० ज्यूल घेऊन जाते. वादळी दिवसात दोन्ही मिळून दर चौरस मीटरला ५००-७०० वॅट, कधी त्याहूनही जास्त उष्णता समुद्रातून हवेत जाते.

आता शाळेतलं आठवा, पाणी ४ अंशाला सगळ्यात जड. ते गोड्या पाण्याचं! समुद्राचं खारं पाणी उणे १.९ च्या आसपास गोठतं आणि तोपर्यंत जड होतच जातं, मध्ये ४ अंशाला थांबा नाही. म्हणून वरचं पाणी गार झालं की खाली जातं, खालचं वर येतं, तेही गार होतं, असं करत करत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही घुसळण २००० मीटरच्या खाली पोचली होती.

गोम पुढे आहे (इथे जरा नेट लावून वाचा). पाणी जितकं गार तितकं ते तापमानाला कमी दाद देतं. २५ अंशाचं पाणी एक अंशाने गार केलं तर घनता जितकी वाढते, त्याच्या तिसरा हिस्साच ३ अंशाच्या पाण्यात वाढते. मिठाचा परिणाम मात्र तसाच राहतो. त्यामुळे तिथे किलोमागे नुसतं ०.१ ग्रॅम मीठ कमी झालं तरी जवळपास एक अंश गार होण्याची मेहनत वाया!

हे घडलंयसुद्धा. १९६९ ते ७१ मध्ये आर्क्टिककडून आलेलं कमी खारट पाणी लॅब्राडोरवर झाकणासारखं पसरलं आणि तिथली खोल घुसळण थांबली, १९७२ चा कडक हिवाळा आला तेव्हा ती परत सुरू झाली. आज ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी येतंय म्हणून धाकधूक.

पण रातोरात हिमयुग वगैरे सिनेमातच. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०२१ च्या अहवालानुसार या शतकात चक्र मंदावण्याची खूप दाट शक्यता, २१०० आधी ते अचानक कोसळणार नाही याबद्दल मध्यम खात्री. आणि गंमत बघा, २०१४ पासून कॅनडा ते स्कॉटलंड लावलेल्या यंत्रांनी दाखवलं की या उलथापालथीचा मोठा वाटा लॅब्राडोरचा नाहीच, तो ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रांचा आहे.