इंटरमिजिएटला ए ग्रेड, तरी दहावीला गुण नाहीत? आधी हे तपासा

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात हा प्रश्न हमखास येतो. मुलगी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पास, ग्रेडही चांगली, मग गुणपत्रिकेत चित्रकलेचे गुण का नाहीत? बहुतेकदा कारण एकच असतं, शाळेकडून मंडळाला या गुणांचा प्रस्तावच गेलेला नसतो. हे गुण आपोआप मिळत नाहीत. परीक्षा कला संचालनालय घेतं आणि गुण राज्य शिक्षण मंडळ देतं. या कार्यालयाची माहिती त्या कार्यालयाला आपसूक कळेल, अशी आशा सरकारी कामात ठेवू नये.

शासकीय रेखाकला परीक्षा दोन. आधी एलिमेंटरी, ती पास झाल्यावर इंटरमिजिएट. दहावीला गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे: ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. नुसत्या एलिमेंटरीवर काही मिळत नाही, हे अनेकांना दहावीत कळतं. परीक्षा वर्षातून एकदाच होते, त्यामुळे नववीपर्यंत एलिमेंटरी झाली नसेल तर गाडी चुकली. सातवी-आठवीत एलिमेंटरी आणि लगेच पुढच्या वर्षी इंटरमिजिएट, हा क्रम सगळ्यात सुखाचा. सीबीएसई, आयसीएसईची मुलं परीक्षा जरूर देऊ शकतात, पण हे वाढीव गुण राज्य मंडळाच्या दहावीलाच आहेत.

परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो, तो चित्रकलेचे सर किंवा मॅडम भरतात. शाळेत कलाशिक्षकच नसेल (आणि अशा शाळा कमी नाहीत) तर जवळच्या परीक्षा केंद्रावर चौकशी करा. पेपर चार: वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. हात छान असलेली मुलं भूमितीत अडकतात, कारण वर्षभर फक्त रंगकामाचा सराव केलेला असतो. रचनेच्या रेषा खोडायच्या नसतात, हेही सांगून ठेवा.

आता मुख्य अडचण, प्रमाणपत्र. ते घरी येत नाही, केंद्रामार्फत शाळेत येतं. तिथे ते कुणी नेलं नाही तर कपाटात पडून राहतं. मधल्या काळात मुलाने शाळा बदलली असेल, तर नव्या शाळेला त्याचा पत्ताच नसतो. दहावीची धावपळ सुरू होण्याआधी जुन्या शाळेत जाऊन दोन्ही प्रमाणपत्रं ताब्यात घ्या.

हातात पडल्यावर नाव अक्षर न् अक्षर वाचा. वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, अशी प्रमाणपत्रं सर्रास निघतात. दहावीच्या आवेदनपत्रातलं नाव आणि हे नाव जुळलं नाही तर प्रस्ताव अडतो. दुरुस्ती शाळेमार्फत होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून नववीतच करून घ्या.

तारखेचा घोळ वेगळाच. वर्तमानपत्रात येणारी शेवटची तारीख बहुधा शाळांनी विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवण्याची असते. पालक ती स्वतःची समजतात आणि त्या दिवशी दुपारी झेरॉक्स घेऊन येतात. विद्यार्थ्याने शाळेकडे अर्ज देण्याची तारीख त्याच्या बरीच आधी असते. मुदतवाढ मिळते कधीकधी, पण तिच्या भरवशावर राहू नका. दहावीच्याच वर्षी इंटरमिजिएट देणाऱ्यांची खरी कसरत होते: परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, निकाल वर्ष संपताना किंवा त्यानंतर, आणि मंडळाची मुदत तोंडावर. अशा मुलांनी निकालाची वाट न बघता शाळेला आधीच कळवून ठेवावं, म्हणजे यादीत नाव राहील.

प्रस्तावाला लागतं थोडंच: विहित नमुन्यातला अर्ज, प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, मुख्याध्यापकांची सही-शिक्का. गायन, वादन, नृत्याच्या गुणांचा प्रस्ताव वेगळा. तिथे परीक्षा घेणारी संस्था शासनाच्या मान्य यादीत आहे का, ते आधी बघा. क्लासने स्वतः छापलेलं रंगीत प्रमाणपत्र चालत नाही.

500 पैकी 7 गुण म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या प्रवेशात एवढ्याने कॉलेज बदलतं. म्हणून अर्ज देताना पोच घ्या, आणि शाळेने मंडळाकडे पाठवलेल्या यादीत मुलाचं नाव व बैठक क्रमांक स्वतः पाहा. कार्यालयात कुणी कुरकुरलं तरी पाहा. निकालानंतर गुण दिसले नाहीत, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाताना ही पोच आणि ती यादी सोबत लागेल.