बायोडेटा फिरतो, त्याबरोबर काय काय फिरतं?

इंदूरच्या मराठी घरांतून सगळ्यात मोकळेपणाने फिरणारा कागद म्हणजे लग्नाचा बायोडेटा. रामबागेतल्या मावशी तो सुदामा नगरच्या काकूंना पाठवतात, काकू वधू-वर ग्रुपवर टाकतात, आणि आठवड्याभरात तो देवास-पुणे करून येतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, पत्ता, मोबाइल नंबर आणि मामेकूळ. आईचं माहेरचं आडनाव हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न. आपण त्याचं उत्तर छापूनच देतो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. ऐंशी वर्षांत जन्मतारखा होतात सुमारे 29,200. प्रत्येक तारखेला स्त्री आणि पुरुष असे दोन खण केले तर 58,400. एखाद्या पिन कोडच्या हद्दीत पन्नास हजार माणसं राहत असतील, तर माणसांपेक्षा खणच जास्त! म्हणजे नाव न सांगताही पुष्कळ जण आपल्या खणात एकटेच सापडतील. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 2000 मध्ये अमेरिकेसाठी हा आकडा 87 टक्के काढला होता; पुढे दुसऱ्या एका अभ्यासात तो 63 टक्क्यांच्या आसपास आला. तोही काही कमी नाही.

आपल्याकडे वस्ती दाट, म्हणून टक्का उतरेल. पण त्याला आडनाव जोडून बघा. पुण्यात नुसत्या ‘कुलकर्णी’वरून कोणी सापडायचं नाही. इंदुरात, 452 ने सुरू होणाऱ्या एखाद्या पिन कोडात, तीच यादी भराभर आखडते. (हा पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला आला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. संस्कृत कवी असलेल्या या अधिकाऱ्याला टपाल नीट पोचवायचं होतं, एवढंच.)

आता ई-आधारची पीडीएफ घ्या. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर पडून राहिली, तर ती उघडायला लागणारं सगळं बायोडेटात आहे. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं, म्हणजे ठशाची नक्कल करून कोणाला पैसे काढता येणार नाहीत. लागेल तेव्हा ते उघडता येतं.

बायोडेटात नुसतं जन्मसाल पुरे. तारीख-वेळ पत्रिका जुळवायची ठरल्यावर द्यावी, मामेकूळही तेव्हाच. आणि एखाद्या साइटने आईचं माहेरचं आडनाव विचारलं, तर खुशाल ‘शेव-परमल’ लिहावं. मशीन फक्त पुढच्या वेळचं उत्तर आधीच्या उत्तराशी जुळवून बघतं. ते तुमच्या आजोळी चौकशीला जात नाही.