‘बग’चे दोन अर्थ आणि अर्ध्या क्षणाची झटापट

‘संदर्भावरून अर्थ लावा’ असे इंग्रजीच्या तासाला सांगितले जाते. सल्ला म्हणून ते योग्यच आहे. मात्र त्यावरून आपला मेंदूही आधी संदर्भ तपासतो आणि मग नेमका तेवढाच अर्थ उचलतो, असा जो समज रूढ झाला आहे, तो प्रयोगांत टिकलेला नाही.

‘बग’ हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याचा अर्थ किडा, चोरून संभाषण ऐकण्यासाठी दडवलेले यंत्र किंवा संगणकाच्या आज्ञावलीतील दोष असा होतो. (१९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क २’ संगणकात पतंग सापडला आणि त्यावरून तिसरा अर्थ जन्माला आला, ही कथा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. पतंग खरोखरच सापडला होता आणि नोंदवहीत चिकटवलाही होता. परंतु एडिसनने १८७८ सालीच पत्रात हा शब्द यंत्रातील अडचणींसाठी वापरलेला आहे.)

एक शब्द कानी पडला की त्याच्याशी संबंधित शब्द ओळखायला कमी वेळ लागतो. ‘ब्रेड’नंतर ‘बटर’ चटकन ओळखले जाते. याच गुणाचा उपयोग मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केला. श्रोत्यांना एक उतारा ऐकवण्यात आला, ज्यात एका माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळे आणि इतर ‘बग’ सापडतात. हा शब्द संपतो न संपतो तोच पडद्यावर अक्षरे झळकत आणि ती खरा शब्द आहेत की नाही, हे श्रोत्याने कळ दाबून सांगायचे असे. कधी ‘अँट’ म्हणजे मुंगी दिसे, कधी ‘स्पाय’ म्हणजे हेर, तर कधी ‘स्यू’ म्हणजे शिवणे. कोळी आणि झुरळे कानावर पडलेली असल्यामुळे फक्त मुंगीच लवकर ओळखली जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ‘स्यू’च्या तुलनेत मुंगी आणि हेर हे दोन्ही शब्द लवकर ओळखले गेले! म्हणजेच निरुपयोगी अर्थही जागा झाला होता. ‘बग’नंतर उताऱ्यातली पुढची तीन अक्षरे उच्चारली जाईपर्यंत थांबून हेच शब्द पडद्यावर दाखवले, तेव्हा मात्र हेराची आघाडी नाहीशी झाली आणि मुंगीची टिकली.

मघाशी ‘मार्क २’मधला पतंग वाचताना संक्रांतीचा पतंग मनात आल्याचे आपल्याला जाणवले नसेल, पण एवढ्यावरून तो जागा झालाच नव्हता असे म्हणता येत नाही. (अर्थात, जाणिवेच्या आड क्षणभर चालणाऱ्या या कामाचा ‘अंतर्मनाच्या अमर्याद शक्ती’च्या शिबिरांशी काडीचाही संबंध नाही.)

तरीही संदर्भ अगदीच हतबल नसतो. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या १९८८ सालच्या अभ्यासात असे दिसले की, आधीच्या मजकुराने शब्दाच्या कमी वापरातल्या अर्थाला बळ दिले, तर वाचकाची नजर त्या शब्दावर अधिक वेळ खिळते, कारण नेहमीचा अर्थ आपला हक्क सोडत नाही आणि दोघे जवळपास एकाच वेळी पुढे येतात. ही ओढाताण प्रामुख्याने एकमेकांशी नाते नसलेल्या अर्थांची असते. ‘रन’सारख्या शब्दाचे अर्थ पुष्कळ असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि अशा शब्दांना त्या गोतावळ्याचा अडथळा होण्याऐवजी ओळखले जाताना फायदाच होतो, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.