तोंड पाहून माणूस कळतो?

कापसाचा हंगाम जवळ आला की हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांत, काट्यावर बसायला, हिशेब लिहायला पोरं लागतात. मुलाखत म्हणजे काय, तर "कोन्या गावचा? आडनाव काय? बाप काय करते?" एका मालकांनी मला ठासून सांगितलं, "मले पाच मिन्टात समजते, पोट्टा कसा आहे थे." शाळेच्या संचालकांपासून पतसंस्थेच्या अध्यक्षांपर्यंत आमच्याकडे सगळ्यांचा हाच दावा. आणि तो त्यांना खरा ठरलेलाही दिसतो. एक तर नाकारलेल्या पोराचं काम कुणी कधी पाहतच नाही. दुसरं कारण मात्र भारी आहे.

1974 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला वर्ड, झॅना आणि कूपर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलाखत घेणारे गोरे विद्यार्थी. उमेदवार काही गोरे, काही कृष्णवर्णीय, पण सगळ्यांना एकसारखं वागायला शिकवलेलं. तरी कृष्णवर्णीय उमेदवार आला की मुलाखतकाराची खुर्ची जरा लांब जाई, बोलणं जास्त अडखळे आणि मुलाखत सुमारे 25 टक्के लवकर आटोपे.

खरी मजा पुढच्या भागात. आता पढवलेले होते मुलाखतकार, आणि उमेदवार सगळे गोरे, यातलं काहीच ठाऊक नसलेले. काहींशी मुलाखतकार जवळ बसून मोकळेपणानं बोलले. बाकीच्यांशी, आधी कृष्णवर्णीयांशी जसं वागणं झालं होतं तसेच वागले: लांबून, अडखळत, घाईघाईत. परीक्षकांना चित्रफितीत फक्त उमेदवार दाखवला. त्यांनी या दुसऱ्या गटाला कमी ठरवलं. तेही गोरेच, पण लांब सरकून बसले होते आणि त्यांचीही जीभ अडखळत होती! मनात ग्रह, ग्रहामुळे अंगात ताठरपणा, तो पाहून समोरचा आक्रसतो, आणि त्याचं आक्रसणं हाच ग्रहाला पुरावा. मालकाला स्वतःचा ताठरपणा दिसत नाही. दिसतो तो त-त-प-प करणारा पोट्टा.

आपल्याकडे रंगाचं काम आडनाव करतं. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश. तिथं खुर्चीपर्यंत पोचणंच अवघड.

रास, अंकशास्त्र नि हस्ताक्षर पाहून माणूस निवडणारे महाभागही आहेत. चेहरा वाचून स्वभाव सांगणारं 'एआय' विकणारे मला त्यांचेच शहरी भाऊबंद वाटतात.

मग मुलाखत टाकूनच द्यायची? नाही. मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली. ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (0 म्हणजे काहीच नातं नाही, 1 म्हणजे पूर्ण) सरासरी 0.42 निघाला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. वर्ग करून पाहा: माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकांपैकी पहिलीशी जुळतो सुमारे 18 टक्के, दुसरीशी जेमतेम 4 टक्के.

जिनिंगच्या मालकांना जमण्यासारखं एक आहे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि भाव द्यायचा. कापूस किती क्विंटल, चुकारा किती, हे कागदावर काढायला लावायचं. सगळ्यांना तेच गणित, तेवढाच वेळ. गुण मांडून झाले की मग खुशाल गाव नि आडनाव विचारावं.