ज्युनियर रेंजर कार्यक्रम, पाद्रे बेट राष्ट्रीय सागरतट

ज्युनियर रेंजर कार्यक्रम हा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा मुलांसाठीचा शैक्षणिक उपक्रम आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या सेवेच्या अखत्यारीत चारशेहून अधिक उद्याने, स्मारके व सागरतट येतात आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी हा उपक्रम चालतो. ‘शोध घ्या, शिका आणि जपा’ हे त्याचे ब्रीद आहे. अरण्यातील वा डोंगरातील उद्यानांपेक्षा किनारी उद्यानांत त्याला वेगळे महत्त्व येते, कारण समुद्रकिनाऱ्यावर माणसे प्रामुख्याने पोहण्यासाठी व खेळण्यासाठी येतात आणि आपण एका संरक्षित अधिवासात उभे आहोत याची जाणीव तेथे सहज होत नाही. टेक्सस राज्यातील पाद्रे बेट राष्ट्रीय सागरतट हे याचे चांगले उदाहरण आहे.

कार्यक्रमाची रीत साधी आहे. मूल आपल्या पालकांसह उद्यानाच्या माहिती केंद्रात जाते व तेथून कृतिपुस्तिका घेते. पाद्रे बेटावर हे केंद्र मॅलाकीट येथे आहे. किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तूंची नोंद करणे, पक्ष्यांचे निरीक्षण, चित्र काढणे, रेंजरच्या माहितीपर फेरीत सामील होणे, रेंजरला प्रश्न विचारणे अशी कामे अशा पुस्तिकांत असतात आणि किती कामे पुरी करायची हे सामान्यतः वयावर ठरते. पुस्तिका भरून झाली की रेंजर ती मुलाबरोबर बसून तपासतो. करडा शर्ट, हिरवी पँट आणि रुंद सपाट काठाची टोपी अशा गणवेशातील तो अधिकारी ‘हे तू स्वतः पाहिलेस का?’ असे विचारतो, तेव्हा मुलाला आपल्या पाहण्याला किंमत आहे हे कळते. त्यानंतर मूल उजवा हात वर करून रेंजरच्या मागोमाग प्रतिज्ञा म्हणते आणि त्याला उद्यानाचे नाव असलेला बिल्ला मिळतो. कार्यक्रम मुख्यतः पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आखलेला असला, तरी अनेक उद्यानांत मोठ्यांनाही त्यात भाग घेता येतो.

पाद्रे बेट हे मेक्सिकोच्या आखातातील, मुख्य भूमीला समांतर पसरलेले वाळूचे लांबट बेट आहे. त्याचा सुमारे ११० किमी. लांबीचा पट्टा राष्ट्रीय सागरतट म्हणून राखण्याचा कायदा १९६२ मध्ये झाला. बेट व मुख्य भूमी यांच्यामध्ये लगूना माद्रे हे समुद्राहूनही खारट असे उथळ खाजण आहे. येथे पक्ष्यांच्या ३८० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. मात्र मुलांच्या दृष्टीने या जागेचा खरा विषय म्हणजे केम्प्स रिडले हे कासव.

सागरी कासवांतील ही सर्वांत लहान जात असून पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन सुमारे ४५ किग्रॅ. भरते. तिची मुख्य वीण मेक्सिकोतील रांचो नुएव्हो येथे होते. १९४७ साली चित्रित केलेल्या एका फितीवरून तेथे एकाच दिवशी सुमारे ४०,००० माद्या अंडी घालायला आल्याचा अंदाज करण्यात आला. १९८५ मध्ये मात्र तेथे संपूर्ण हंगामात जेमतेम ७०० घरटी मोजली गेली. अंड्यांची लूट आणि कोळंबीच्या जाळ्यांत सापडून होणारे मृत्यू ही या घसरणीची मोठी कारणे होती. सगळी जात एकाच किनाऱ्यावर अवलंबून राहू नये म्हणून १९७८ ते १९८८ या काळात दोन्ही देशांनी मिळून दरवर्षी सुमारे २,००० अंडी पाद्रे बेटावर आणली. ती पाद्रे बेटाच्याच वाळूत भरून आणली जात. पिल्ले बाहेर पडली की त्यांना येथील वाळूवरून लाटांपर्यंत चालू देत आणि मग पुन्हा पकडून काही महिने गॅल्व्हस्टन येथे वाढवत, जेणेकरून ‘आपला किनारा’ म्हणून हीच वाळू त्यांच्या स्मरणात राहावी. त्यांपैकी काही माद्या १९९६ मध्ये अंडी घालायला या भागात परतल्या. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या हंगामात टेक्ससच्या किनाऱ्यावर या कासवांची घरटी आता नियमितपणे सापडतात.

या इतिहासामुळेच येथील मुलांचा सहभाग केवळ शोभेचा राहत नाही. केम्प्स रिडले दिवसा अंडी घालते आणि बहुधा वारा असलेल्या दिवशी किनाऱ्यावर येते. तिचे वजन कमी असल्याने वाळूवरचा माग पुसट असतो व वाऱ्याने तो लवकर बुजतो. वर येऊन, खड्डा करून, अंडी घालून ती साधारण पाऊण तासात परत जाते. गस्तीची माणसे प्रत्येक ठिकाणी पोहोचू शकत नाहीत, त्यामुळे त्या वेळी तेथे असलेल्या पर्यटकाने कळवलेली बातमी मोलाची ठरते. कासव दिसल्यास लांब उभे राहावे, तिला हात लावू नये, उद्यानाला ताबडतोब फोन करावा आणि येणाऱ्या गाड्यांना सावध करावे, असे येथे सर्वांना सांगितले जाते. गाड्यांचा उल्लेख अनाठायी नाही: या उद्यानात किनाऱ्यावरून वाहने नेण्यास परवानगी आहे, आणि पुळणीवरील वेगमर्यादा का पाळायची हे मुलांना यातून आपोआप उमगते.

उद्यानात सापडलेली अंडी सुरक्षित जागी हलवून उबवली जातात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात व सात-आठ आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. जून ते ऑगस्टमध्ये काही दिवशी भल्या सकाळी ही पिल्ले लोकांसमक्ष सोडली जातात. प्रेक्षक दोरीच्या मागे उभे राहतात, फ्लॅशला बंदी असते, आणि कर्मचारी व स्वयंसेवक सीगल पक्ष्यांना दूर ठेवतात. जेमतेम चार सेंटिमीटरचे पिल्लू गाडीच्या चाकोरीत अडखळते, पुन्हा दिशा धरते, पहिल्या लाटेने उलटे मागे फेकले जाते आणि पुन्हा चालू लागते. त्याला उचलून पाण्यात सोडण्याचा मोह लहानांनाच काय, मोठ्यांनाही आवरत नाही, पण तसे केले जात नाही, कारण किनाऱ्यावरची ही वाटचाल पिल्लासाठी आवश्यक मानली जाते.

आखातातील प्रवाह या बेटाजवळ एकत्र येत असल्याने दूरदूरचा कचरा येथे वाहून येतो. प्लास्टिकच्या वस्तूंवरील लेबले पाहून मुलांना समुद्राच्या प्रवाहांचा पाठ मिळतो. निळसर फुग्यासारखा मॅन-ऑफ-वॉर हा जीवही येथे किनाऱ्याला लागतो. त्याच्याच कुळातील ‘ब्लू बॉटल’ मुंबईकरांना पावसाळ्यात जुहू-गिरगावला दिसतो. तो वाळूवर मेलेला दिसला तरी दंश करू शकतो.

अन्य सागरतटांवर विषय बदलतात. उत्तर कॅरोलायनातील केप हॅटरास येथे किनाऱ्याची धूप समजावून सांगताना १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर आत हलवलेले दीपगृह समोरच असते. कॅलिफोर्नियातील पॉइंट रेयेस येथे हत्ती-सील पाहता येतात. या उपक्रमाची मर्यादाही नोंदवायला हवी: एका दिवसात पुस्तिका उरकून बिल्ले जमवण्याची हौसच प्रबळ झाली, तर निरीक्षणाला सवड उरत नाही. कामे पुरी करण्याइतकाच वेळ रेंजरशी बोलण्यासाठी ठेवणारी उद्याने या बाबतीत अधिक यशस्वी म्हणावी लागतील.

केम्प्स रिडले व कोकणात येणारे ऑलिव्ह रिडले या एकाच प्रजातीच्या दोन जाती असून त्या प्रजातीत तिसरी जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने घरटी राखली व पुढे कासव महोत्सव सुरू केला. तेथेही पिल्ले लोकांसमक्ष सोडली जातात. पाद्रे बेटावरचे काम सरकारी उद्यानाचे आणि बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी आखलेले आहे, तर वेळासला पाहुण्यांना घरी उतरवून घेणारे गावच अंड्यांची राखण करते.