पराच्या आतलं हाड

ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या परांवर रेटत फिरतात, कांदळवनाच्या मुळांवरही चढतात. जमिनीवर आलेला पहिला मासा असाच असणार, असं त्यांना पाहून वाटतं. पण नातं ठरतं ते पराच्या आतल्या हाडांवरून. शिजलेल्या बांगड्याचा कल्ल्यामागचा पर हळूच सोडवून पाहा. खांद्याच्या हाडाला लागून बारीक, चपट्या, साधारण चार हाडांची ओळ, आणि तिथून लगेच काड्यांचा पंखा. निवटीत ही हाडं लांबली आहेत, मांडणी बांगड्याचीच.

युस्थेनोप्टेरॉनची मांडणी वेगळी. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा कॅनडात क्वेबेकमधल्या मिगुआशा इथे सापडला. १८८१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ व्हाइटीव्ह्स यांनी त्याचं वर्णन केलं. (कोकणातला काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, तोही लाव्हाचा. इथे असा मासा सापडायचा नाही.) त्याच्या मांसल परात खांद्याच्या खोबणीत बसणारं दंडाचं एकच हाड, पुढे कोपरापलीकडची दोन, मग लहान हाडं आणि शेवटी काड्या. बोटं नाहीत. मागच्या परातही मांडीचं एक आणि नडगीची दोन.

तरीही तो चालत नव्हता. कमरेचं हाड कण्याला जोडलेलं नाही, नुसतं स्नायूंत रुतलेलं. वजन पेलणार कशावर? खांदा कवटीला बांधलेला, म्हणून मानही नाही. किनाऱ्यावर चढणारा युस्थेनोप्टेरॉन दाखवणारी जुनी चित्रं चुकीचीच म्हणायला हवीत.

त्याची कवटी आतून कळली ती फार मोठी किंमत मोजून. स्टॉकहोममध्ये एक कवटी थराथराने घासली गेली. प्रत्येक थराच्या आकृतीवरून स्वीडिश जीवाश्मतज्ज्ञ यार्विक यांनी मेणाच्या चकत्या कापून एकावर एक रचल्या. प्रतिकृती उभी राहिली, पण मूळ कवटी संपली. आता हेच काम क्ष-किरणांनी, नमुना न तोडता होतं. कवटीत दिसलं ते असं: नाकपुडीची वाट टाळूत उघडते आणि मेंदूची पेटी पुढची-मागची अशी दोन भागांत सांध्याने जोडलेली आहे.

हा सांधा सीलॅकँथ या आजही जिवंत असलेल्या, मांसल परांच्या माशातही असतो. त्याच्या जोरावर दोघांना पूर्वी एकाच गटात घालत. पण सांधा दोघांनाही जुन्या पूर्वजाकडून आलेला, त्यामुळे जवळचं नातं त्यावरून ठरत नाही. आतली नाकपुडी आणि दंडाची मांडणी धरली की युस्थेनोप्टेरॉन ट्रिस्टिकॉप्टेरिडी कुळात जातो, चार पायांच्या प्राण्यांच्या शाखेत. सीलॅकँथ त्या शाखेबाहेर राहतो, आणि निवटी तर मांसल परांच्या माशांतच बसत नाही.