शाई तांब्यावर का टिकत नाही?
(इंकजेटने घरी सर्किट छापणाऱ्या ग्राहकांसाठी)

आम्ही तांब्याचा पातळ थर चढवलेले कोरे सर्किट बोर्ड विकतो. तुम्ही त्यावर शाईने सर्किट छापता आणि मग बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात टाकता: उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. यालाच एचिंग म्हणतात.

"बोर्ड खराब दिलात, शाईचे थेंब गोळा होतायत." हा फोन आमच्या रबाळ्याच्या गाळ्यावर वरचेवर येतो, कॉलेजांच्या प्रोजेक्टच्या दिवसांत तर रोज. बोर्ड परत आणला की तो बहुधा आरशासारखा चकचकीत असतो. घोळ तिथेच आहे. चकाकी आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तांब्यावर मळ दोन प्रकारचा असतो. एक काळपटपणा, म्हणजे हवेने आणि आपल्याकडच्या दमटपणाने चढलेला ऑक्साइडचा थर. दुसरा तेलकटपणा, जो बोटांतून येतो आणि डोळ्यांना दिसत नाही. लिंबू-मीठ किंवा व्हिनेगर काळपटपणा काढतं, तेल काढत नाही. साबण तेल काढतो, काळपटपणा काढत नाही. मेटल पॉलिशने बोर्ड छान चमकतो, पण धातू पुन्हा काळा पडू नये म्हणून ते वर पातळ थर सोडून जातं. आपली शाई पाण्यातली, त्या थरावर ती पसरणार कशी? म्हणून पॉलिश अजिबात नको.

क्रमही महत्त्वाचा. आधी भांड्यांचा लिक्विड साबण आणि हिरवा स्कॉचब्राइट घेऊन छोट्या गोल फेऱ्यांत घासा. एकाच दिशेने लांब ओरखडे काढू नका, शाई त्या चरांतून पळते आणि शेजारशेजारच्या दोन ट्रॅकची (छापलेल्या रेषांची) गाठ पडते. खरखरीत पॉलिशपेपर तर नकोच. हात धुवायचा मॉइश्चरायझरवाला साबणही नको. मग लिंबू-मीठ, आणि लगेच भरपूर पाणी. मीठ राहिलं तर तासाभरात हिरवट डाग येतात. तेल असताना आधी लिंबू लावलंत, तर तेलाखालचा काळपटपणा तसाच राहतो आणि बोर्ड चट्टेपट्टे होऊन निघतो.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. बोर्ड नळाखाली धुऊन उभा धरा. पाण्याचा अखंड पापुद्रा अर्धा मिनिट तरी टिकला पाहिजे. मध्येच पाणी फाटलं, ओघळ पडले, तर तिथे तेल आहे. पुन्हा साबणापासून सुरुवात. ही परीक्षा फुकट आहे, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत आणि थेट प्रिंटर लावतात. मग शाई वाया, नोझल तुंबलेलं आणि संध्याकाळ गेलेली.

परीक्षा पास झाली की बोर्डाला फक्त कडेने धरायचं. "जरा बघू सुकलाय का" म्हणून टेकवलेला अंगठा छपाईत हुबेहूब उमटतो. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या (बॅटरीचं अ‍ॅसिड नव्हे), डाग पडत नाहीत. सुकवायला हेअर ड्रायर चालेल. तोंडाने फुंकू नका, आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात तेलाचा अंश असतो. स्पिरिटने पुसायचंच असेल तर प्रत्येक वेळी नवा टिश्यू घ्या. एकच फडकं फिरवलं की तेल फक्त जागा बदलतं.

ज्यांना आणखी पक्की पकड हवी, त्यांनी सुकवण्याआधी पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड काही सेकंद बुडवून लगेच धुवावा. तांबं मंद गुलाबी, मॅट झालं की पुरे. जास्त वेळ ठेवलात तर आम्ही दिलेलं ३५ मायक्रॉन तांबं तुम्हीच खाऊन टाकाल. हातमोजे घाला, आणि वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका.

काही जण विचारतात, तुम्ही बोर्ड आधीच घासून पॅक का करत नाही? कारण घासलेलं तांबं ताजंच चांगलं. पावसाळ्यात तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मंदावलेलं दिसतं, मग पिशवीवर "तयार" लिहून जास्त पैसे घेणं आम्हाला पटत नाही. त्याच दिवशी घेऊन जाणार असाल तर सांगा, पाण्याची परीक्षा तुमच्यासमोर करून देतो. छपाई झालेला बोर्ड मात्र आम्ही बदलून देत नाही, यावर वाद नको.

शाई पिगमेंटचीच, म्हणजे बारीक रंगकणांची घ्या. डाय शाई (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) फेरिकमध्ये धुऊन जाते, आणि पिगमेंटही एचिंगआधी तापवून पक्की करावी लागते. त्यासाठी ग्लास इपॉक्सीचा (काचतंतूंचा) बोर्डच बरा; स्वस्त तपकिरी हायलमचा (कागद-रेझिनचा) बोर्ड त्या उष्णतेत वाकतो.

बोर्ड कापून घेताना प्रिंटरचं मॉडेल सांगा. १.६ मिलिमीटर जाडीचा बोर्ड फेरफार न केलेल्या एप्सन प्रिंटरमधून सरळ जात नाही, हेड (शाई सोडणारा भाग) उचलावं लागतं, ०.८ मध्ये काम सोपं होतं आणि तो आमच्याकडे असतो. कडा आम्ही कानशीने घासूनच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी कापलात तर कडेला राहिलेली धारदार कूस स्वतः काढा, नाहीतर ती हेड ओरबाडते आणि हेडची किंमत बोर्डाच्या कितीतरी पट असते.